जिवाणू, विकर की ग्राइंडर: पेट कचऱ्यासाठी काय निवडावे?

पेट (PET, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) बाटल्यांच्या पुनर्वापरात पैसे घालू पाहणाऱ्यासमोर आज तीन वाटा मांडल्या जातात: जनुकीय बदल केलेले जिवंत जिवाणू, जिवाणूंपासून वेगळी काढलेली विकरे म्हणजेच एन्झाइम, आणि बाटल्या दळून, धुऊन, वितळवून प्लास्टिकचा दाणा काढण्याची रुळलेली पद्धत. निवड करण्याआधी आपल्या गोणीत नेमके काय येते ते पाहावे, कारण पहिल्या दोन वाटा तूर्त जवळजवळ पेटपुरत्याच खुल्या आहेत. पेटच्या रेणूंच्या लांब साखळीतील दुवे, म्हणजे एस्टर बंध, पाण्याच्या साहाय्याने तोडणारी विकरे निसर्गात आहेत. पिशव्यांच्या पॉलिथिनचा किंवा बुचांच्या पॉलिप्रॉपिलिनचा कणा निव्वळ कार्बन-कार्बन बंधांचा असल्याने तिथे त्यांची मात्रा चालत नाही. ही विभागणी धुण्याच्या टाकीत डोळ्यांनाही दिसते: पेटचे तुकडे तळाला बसतात, बुचांचे निळे-पांढरे तुकडे वर तरंगतात.

जिवाणूंची कीर्ती मोठी आहे. जपानमधील साकाई शहरात सापडलेल्या आणि २०१६ साली जगासमोर आलेल्या इडिओनेला साकाएन्सिसने पेटची पातळ फिल्म ३० अंश सेल्सिअसला सुमारे सहा आठवड्यांत फस्त केली. मात्र ती फिल्म मुद्दाम मऊ, जवळजवळ स्फटिकरहित (साखळ्यांची घट्ट, शिस्तबद्ध रचना नसलेली) घेतलेली होती, बाटलीचे भिंताड नव्हते. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी त्याची जनुके खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या व्हिब्रिओ नॅट्रिजेन्समध्ये बसवली. धंद्याच्या नजरेने पाहता अडचण अशी की जिवाणूला जगवावे लागते आणि जो माल विकायचा तोच तो खाऊन टाकू शकतो. शिवाय असे जीव उघड्यावर सोडण्यासाठी भारतात १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मंजुरी लागते, त्यामुळे डंपिंग ग्राउंडवर अशा जिवाणूंची पावडर शिंपडण्याचा प्रस्ताव आल्यास आधी तो कागद मागावा.

विकरांची बाजू अधिक भक्कम आहे. पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेल्या क्युटिनेज नावाच्या एका विकरात बदल करून फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधक आणि कार्बिओस कंपनी यांनी २०२० मध्ये ७२ अंशांवर १० तासांत ९० टक्के पेटचे विघटन करून दाखवले. ७२ अंशच का, हे समजण्यासाठी पाण्याच्या बाटलीत उकळते पाणी ओतून पाहावे: ती आकसून वेडीवाकडी होते, कारण सत्तरीच्या आसपास पेटच्या साखळ्या सैल पडतात, आणि त्या सैल पडल्या की विकराला शिरकाव मिळतो. पण बाटली फुगवताना प्लास्टिक ताणले जाऊन त्याचा बराच भाग स्फटिकमय होतो आणि तो विकराला दाद देत नाही. म्हणून माल आधी वितळवून, झटकन थंड करून बारीक दळावा लागतो, म्हणजे दाण्याच्या पद्धतीतला विजेचा खर्च इथेही सुटत नाही. त्यात सुटणारे आम्ल अल्कलीने मारत राहावे लागते. हिशेबाने एका किलो पेटमागे सुमारे ४०० ग्रॅम कॉस्टिक सोडा जातो आणि शेवटी क्षार उरतो. बदल्यात टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल हे मूळ घटक परत मिळतात, त्यांपासून अगदी कोऱ्या प्रतीचे पेट बनते. तरीही कार्बिओसच्या फ्रान्समधील लाँगलाव्हिल येथील वार्षिक ५०,००० टनांच्या कारखान्याचे काम, २०२४ मध्ये पायाभरणी होऊनही, पैशांच्या जुळवाजुळवीसाठी लांबले, हे गुंतवणूकदाराने विसरू नये.

ग्राइंडरबद्दल फार सांगण्याची गरज नाही. दर वितळणीला साखळ्या तुटतात आणि रंग निघत नाही, पण स्वच्छ पारदर्शक बाटल्यांसाठी ही पद्धत आजही सर्वांत परवडणारी आहे, यंत्र बिघडले तर मिस्त्री मिळतो, आणि कठीण प्लास्टिक वेष्टनांत पुनर्वापरित मालाचे बंधन घालणाऱ्या २०२२ च्या नियमांमुळे दाण्याला गिऱ्हाईकही आहे.

माझे मत असे की पारदर्शक बाटल्या येत असतील तर ग्राइंडरच घ्यावा; रंगीत ट्रे किंवा पॉलिएस्टर कापडाच्या चिंध्या साठत असतील तरच विकरांचा विचार करावा, तोही भागीदारीत. प्रात्यक्षिक पाहायला जाताना आपल्याच गोणीतला, न वितळवलेला माल सोबत न्यावा. प्लास्टिकचे वजन घटले एवढे दाखवणे पुरेसे नाही, कारण बारीक चुरा गाळणीतून निसटला तरी वजन घटते. एक किलो पेट पूर्ण विघटित झाले तर सुमारे ८६० ग्रॅम टेरेफ्थॅलिक आम्ल तराजूवर यायला हवे.