तिंबावती प्रायव्हेट रिझर्व्ह: सफारी पैसा वसूल, पण लेव्हीचं आधी लेखी विचारा (काही महिन्यांनंतरचा अनुभव)

परत आल्या आल्या लिहिणार होते पण तेव्हा डोकं इतकं तापलेलं होतं की धड काही लिहून झालं नसतं, म्हणून थांबले. परवा मैत्रिणीने तिला आलेलं कोटेशन फॉरवर्ड केलं, एजंट तोच, ओळ तीच, "ऑल इन्क्लुझिव्ह सफारी पॅकेज", आणि खाली बारीक अक्षरात "इतर चार्जेस लागू असतील तसे". आता लिहायलाच हवं. एजंटचं नाव देत नाही, लॉजचंही नाही, लॉजची तर काही चूकच नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान काय, बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) काय, हे बऱ्याच जणांना माहितीये. ज्यांचा प्रायव्हेट रिझर्व्हमध्ये गोंधळ होतो त्यांच्यासाठी एवढंच सांगते की तिंबावती हे क्रूगरच्या पश्चिम कडेला लागून आहे, जमीन खाजगी मालकांची, त्यांनी 1956 मध्ये एकत्र येऊन असोसिएशन केली, आणि 1993 मध्ये क्रूगर आणि याच्या मधलं कुंपण काढून टाकलं. म्हणजे सिंह, हत्ती सगळे इकडून तिकडे मोकळे फिरतात. क्षेत्र साधारण 53 हजार हेक्टर, आपल्या ताडोबा-अंधारीच्या कोअरपेक्षा थोडं कमी. 1975 मध्ये पांढरे सिंह दिसले ते हेच तिंबावती. आम्हाला पांढरा दिसला नाही आणि दिसेल म्हणून कोणी जाऊ पण नये.

आता मुद्द्यावर येते. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी ताई. महिनोन्महिने प्लॅनिंग केलं, एक्सेल शीट केली, प्रत्येक रुपया मांडला. मुंबईहून जोहान्सबर्गला थेट विमान नाही, म्हणून आदिस अबाबावरून गेलो, जोहान्सबर्गहून पुढे हूडस्प्रूटचं (रिझर्व्हजवळचं गाव) छोटं विमान. लॉजच्या रेटमध्ये राहणं, तिन्ही वेळचं जेवण, सकाळ-संध्याकाळ गेम ड्राइव्ह (गाडीतून जनावरं बघायची फेरी), हे सगळं धरलेलं असतं, तेवढ्यापुरतं "ऑल इन्क्लुझिव्ह" बरोबर आहे. पण निघायच्या दिवशी सकाळी रिसेप्शनवर बिल हातात आलं त्यात कॉन्झर्व्हेशन लेव्ही, म्हणजे जंगल-जनावरांच्या रक्षणासाठीची फी, माणशी, प्रत्येक रात्रीची वेगळी, गुणिले तीन माणसं. वर गेटची गाडीची एन्ट्री फी. रँड (तिथलं चलन) पाच रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार करा, आमच्या ताईचं हूडस्प्रूटचं तिकीट निघालं असतं एवढी रक्कम. तीही क्रेडिट कार्डावर, म्हणजे बँकेचा फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर परत जीएसटी. एजंटने आधी सांगितलं असतं तर फॉरेक्स कार्डावर रँड भरून नेले असते आणि तो मार्कअप तरी वाचला असता, मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

रिसेप्शनवरच्या मुलीने शांतपणे स्क्रीन फिरवून एजंटला पाठवलेलं रेट शीट दाखवलं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, लेव्ही रेटमध्ये धरलेली नाही, पाहुण्याने भरायची. म्हणजे एजंटला माहिती होतं आणि त्याने ती ओळ गाळून आम्हाला कोटेशन दिलं! का, तर त्याचा आकडा दुसऱ्या एजंटपेक्षा कमी दिसावा म्हणून. दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

मुंबईत आल्यावर फोन केला तर म्हणे "मॅडम ते गव्हर्नमेंट टॅक्स आहेत, आमच्या हातात काही नसतं." हे साफ खोटं आहे आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच ऐकवतील. सरकारचा टॅक्स म्हणजे व्हॅट, दक्षिण आफ्रिकेत 15 टक्के, तो रेटमध्ये आधीच असतो. दुसरी 1 टक्का टुरिझम लेव्ही, ती देशाच्या मार्केटिंगसाठी जाते, बरीच हॉटेलं लावतात, छोटी रक्कम असते. आणि तिसरी ही कॉन्झर्व्हेशन लेव्ही, जी रिझर्व्ह स्वतः घेतं, सरकार नाही. शिवाय गेट फी वेगळी. या सगळ्याला एकाच गाठोड्यात बांधून "चार्जेस" म्हटलं की गिऱ्हाईक काही विचारूच शकत नाही. आणि इथे भारतात एजंट पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतलेला आयकर) कापतो तो वेगळाच, तो निदान रिटर्न भरताना ऍडजस्ट होतो, त्यामुळे त्याला खर्च धरू नका, फक्त तेवढे पैसे काही महिने अडकतात.

या चार्जेसचा भाग मी त्याच वेळी कच्चा टिपून ठेवला होता आणि शेवटी "लेव्ही म्हणजे लूट आहे" असंही लिहिलं होतं. ते वाक्य आता काढलंय, का ते सांगते.

तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेंडा दिसला. पांढरा गेंडा, मादी आणि मोठं झालेलं पिल्लू, गाडीपासून चार-पाच हातांवर गवत खात होते, ओठांचा गवत तोडतानाचा कर्र कर्र आवाज सीटवर बसून ऐकू येत होता. आणि दोघांना शिंग नाही. शिंगाच्या जागी सपाट बुंधा, करवतीने कापलेला, कडा नखासारख्या पिवळट, मध्ये गडद गोल. ताई म्हणाली "अगं बाई, हे काय केलंय याचं!" गाइडने इंजिन बंद करून समजावलं, शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचंच द्रव्य, बेशुद्ध करून मुळाच्या वरून कापतात, दुखत नाही, पण परत वाढतं म्हणून दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. प्रत्येक वेळी हेलिकॉप्टर, डॉक्टर, औषधं, जमिनीवरची टीम. आम्हाला फोनचं लोकेशन बंद करायला लावलं, गेंड्याचा फोटो जागेसकट कुठेही टाकू नका म्हणून सांगितलं.

घरी येऊन मी यावर वाचलं. दक्षिण आफ्रिकेत 2014 मध्ये एका वर्षात 1,215 गेंडे मारले गेले होते, 2024 मध्ये 420. आणि 2025 मध्ये 'सायन्स' या संशोधन मासिकात जो अभ्यास आला तो याच भागातला आहे, ग्रेटर क्रूगरमधली (क्रूगर आणि त्याला लागून असलेला भाग) 11 रिझर्व्ह, 2017 ते 2023. शिंग कापल्याने शिकार 78 टक्क्यांनी कमी झाली, आणि गेंड्यांच्या रक्षणावर जो एकूण पैसा गेला त्यातला फक्त 1.2 टक्के याला लागला. बाकीचा पैसा मुख्यतः रेंजर, कॅमेरे, कुत्र्यांची पथकं यांच्यावर. हा पैसा क्रूगरसारखा राष्ट्रीय उद्यानाच्या खात्यातून येत नाही, रिझर्व्हला स्वतः उभा करावा लागतो. आणि इथे एक गोष्ट आहे जी कोणताही ब्रोशर सांगणार नाही: तिंबावतीत ट्रॉफी हंटिंग, म्हणजे पैसे भरून हौसेसाठी केलेली शिकार, चालतं. कोटा ठरवून, परवानगी घेऊन, पण चालतं, आणि रिझर्व्हच्या खर्चाचा मोठा भाग बरीच वर्षं त्यातून निघत आलाय. पर्यटकांची लेव्ही त्यांनी वाढवली त्यामागे हंटिंगवरचं अवलंबून राहणं कमी करायचं हे कारण होतं. हे कळल्यावर माझं मत बदललं. बंदूकवाल्याकडून पैसे घेण्यापेक्षा कॅमेरावाल्याकडून घ्या, माझ्याकडून जास्त घ्या, मी देईन. ज्यांना हंटिंग असलेल्या रिझर्व्हमध्ये जायचंच नाही त्यांनी साबी सँड हे क्रूगरला लागून असलेलं दुसरं प्रायव्हेट रिझर्व्ह बघा, तिथे ते होत नाही, पण रेट ऐकून पाय लटपटतात.

पण मग हेच त्या एजंटने आधी सांगायला काय झालं होतं? "मॅडम, वर एवढी लेव्ही आहे, गेंड्यांच्या रक्षणाला जाते" असं म्हणाला असता तर मी हसत भरली असती. चांगल्या कामाचे पैसे बारीक अक्षरात लपवून त्याने ते काम आमच्या नजरेत चोरीचं करून ठेवलं. ताई तर निघायच्या दिवशी त्या रिसेप्शनच्या मुलीशी नीट बोलली पण नाही, बिचारीचा काय दोष.

आता जे आवडलं ते, कारण ते खूप आहे. ताडोब्याला ज्यांनी एका वाघाभोवती वीस-पंचवीस जिप्स्या बघितल्यात, धुळीत उभं राहून पुढच्या गाडीतल्याच्या टोपीचे फोटो काढलेत, त्यांना इथे गेल्यावर पटणारच नाही. एका जनावरापाशी दोन, फार तर तीन गाड्या, चौथी लांब थांबून रेडिओवर नंबर लावते. बिबट्यासाठी वगैरे रस्ता सोडून झाडीत गाडी घालता येते, जे क्रूगरच्या सरकारी भागात स्वतःची गाडी घेऊन गेलात तर अजिबात चालत नाही, तिथे डांबर आणि कच्चा रस्ता सोडायचा नाही आणि गेट बंद व्हायच्या आत कॅम्पात परत. इथे अंधार पडल्यावर स्पॉटलाइट लावून फिरतात.

आणि ट्रॅकर, म्हणजे जनावराचा माग काढणारा. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक छोटी खुर्ची लावलेली असते, त्यावर हा माणूस बसतो, पुढे काच नाही, दार नाही. आमचा ट्रॅकर तिथलाच, शांगान बोलणारा, पन्नाशीचा. सकाळी चालत्या गाडीतून त्याने नुसता हात वर केला, गाडी थांबली, उतरला, वाळूत वाकून बघितलं. मला तिथे काहीच दिसत नव्हतं, मग त्याने काडीने पावलाच्या ठशाच्या कडेकडेने दाखवलं, बिबट्याची मादी, कडा अजून ढासळलेल्या नाहीत म्हणजे पहाटेची. मग गाइड आम्हाला घेऊन वळसा घालून गेला, हा पायी झाडीत, हातात फक्त रेडिओ. बऱ्याच वेळाने रेडिओवर दोन शब्द आले आणि आम्ही गेलो तर मादी मरुला झाडाखाली इम्पाला घेऊन बसलेली, पोट वरखाली होतंय. टिप देताना गाइडला भरभरून आणि ट्रॅकरला चिल्लर असं लोक करतात, कृपया करू नका. टिप रँडमध्ये, रोख, दोघांना वेगवेगळ्या पाकिटात, बाकी स्टाफची पेटी असते. हा खर्च पण "ऑल इन्क्लुझिव्ह" मध्ये नाही, शीटमध्ये धरून ठेवा.

बाकी भराभर लिहिते. आम्ही जुलैत गेलो, कोरडा सीझन, गवत कमी, जनावरं पाणवठ्यावर. पहाटे उघड्या गाडीत थंडी मरणाची, लॉजवाले मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि ब्लँकेट देतात तरी कानटोपी आणि हातमोजे न्याच. छोट्या विमानाला सामान 20 किलो, बऱ्याच ठिकाणी मऊ बॅगच लागते, चाकाची कडक बॅग जोहान्सबर्गलाच ठेवावी लागू शकते. मलेरियाचा भाग आहे, हिवाळ्यात धोका कमी पण आम्ही डॉक्टरांना विचारून गोळ्या घेतल्या, दोन प्रकार असतात, एक परत आल्यावर आठवडाभर घ्यायची, दुसरी चार आठवडे, ते आधीच विचारून ठरवा. यलो फीव्हरचं सर्टिफिकेट आदिस किंवा नैरोबीला 12 तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिकेत मागतात, लस निदान 10 दिवस आधी हवी. शाकाहाराचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि त्यात "मासे नाही, चिकन स्टॉक नाही" हेही लिहा. आम्ही लिहिलं होतं, मग भोपळ्याची भाजी, बीन्स, पाप म्हणजे मक्याची घट्ट उकड, रोज काहीतरी वेगळं, ताईचे अजिबात हाल झाले नाहीत. लहान मुलं असतील तर वय विचारा, सहा वर्षांखालच्यांना बहुतेक लॉज गाडीत घेत नाहीत.

ताईसाठी सिंगल सप्लिमेंट लागलं तेही सांगते. एकटीला खोली म्हणजे दीडपट, काही लॉजमध्ये दुप्पट. पण मे-जूनमध्ये किंवा थोड्या रिकाम्या तारखांना काही लॉज ते माफ करतात, एजंट हे स्वतःहून सांगत नाही. मी थेट लॉजला मेल केली तेव्हा कळलं आणि कमी झालं. एकटी बाई, विधवा आई, न लग्न झालेली मावशी, यांना "दोघं नाहीत म्हणून महाग" असं सांगून घरी बसवतात लोक, तेव्हा एक मेल टाकून बघाच.

अपडेट: एजंटने शेवटी लेव्हीच्या अर्ध्या रकमेची क्रेडिट नोट देऊ केली, पुढच्या बुकिंगला वापरा म्हणे. मी नको म्हणून कळवलंय, मला फॉरेक्स मार्कअपचे पैसे बँक खात्यात हवेत, लेव्हीचे नकोत, ते जिथे गेले तिथे योग्य गेले. अजून उत्तर नाही.

पुढच्या वर्षी आई-बाबांना न्यायचंय, मलेरियाची भानगड नको म्हणून माडिक्वे बघतोय, दक्षिण आफ्रिकेतलंच रिझर्व्ह, बोत्सवानाच्या सीमेवर, 1991 मध्ये शेती-कुरणाची जमीन घेऊन उभं केलं आणि आठ हजारांवर जनावरं बाहेरून आणून सोडली. थेट तीन लॉजना मेल केली, एकच प्रश्न, रेटच्या बाहेर मला माणशी आणखी नक्की काय काय भरावं लागेल, आकड्यासकट. दोघांनी त्याच दिवशी पार्क फी, ट्रान्सफर, सगळं मांडून पाठवलं. तिसऱ्याने ब्रोशर पाठवलं, त्याला यादीतून काढलं.