चमचमता ईव्हनिंग ड्रेस: सोनेरी की पाचू-हिरवा?

त्वचेत पिवळसर झाक असेल तर दोन्ही रंग खुलतात. गाडी अडते ती नेमक्या छटेवर आणि दिव्यांवर.

सोनेरी त्वचेशी जुळतो, पण कधीकधी नको इतका. फिकट सोनेरी आणि त्वचा जवळपास एकाच छटेची असली की लांबून ड्रेस कुठे संपतो तेच कळत नाही. म्हणून त्वचेपेक्षा निदान दोन छटा गडद, तांबूस किंवा जुन्या सोन्यासारखा घ्यावा. टिकल्यांखालची नेटही बघा: काळ्या नेटवर तोच सोनेरी गडद दिसतो, त्वचेच्या रंगाच्या नेटवर फिका. हिरवा आपोआप उठून दिसतो. मात्र निळ्याकडे झुकणारा हिरवा पिवळ्या दिव्यांत मळकट वाटतो.

फोटोंत सोनेरी दगा देतो. मोठ्या, गुळगुळीत टिकल्यांवर फ्लॅश पडला की पांढरे डाग उमटतात. बारीक मॅट टिकल्यांवर बरंच निभावतं. ट्रायल रूममध्ये फ्लॅश लावून फोटो काढाच, आरशाला हे दिसत नाही.

दागिने? सोन्याचे दोन्हींवर चालतात, सोनेरीवर जरा कमीच.

गव्हाळ-सावळी त्वचा आणि पिवळे दिवे असतील तर जुना सोनेरी. त्वचा उजळ असेल किंवा फोटो भरपूर निघणार असतील, तर पिवळ्याकडे झुकणारा हिरवा.