पेशीविभाजनाच्या तयार स्लाइड: कांद्याचं मूळ आणि व्हाइटफिश

अकरावीला पेशीविभाजन शिकवत असाल तर ही जोडी घ्याच. मी म्हापशाला एका दुकानात घेतली, साडेचारशे रुपयांना. एक स्लाइड कांद्याच्या मुळाच्या टोकाची, उभा छेद. दुसरी व्हाइटफिश माशाच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणाची.

कांद्याची स्लाइड फार सुरेख निघाली. दहाच्या भिंगाखाली मूलटोपी शोधायची, तिच्या जरा मागे सरकायचं आणि मग चाळीसचं भिंग लावायचं. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या टप्प्यातच असतात, त्यामुळे मुलांना धीर धरायला सांगावं लागतं. मग एखादी मेटाफेजची पेशी सापडते, काळपट निळी गुणसूत्रं मधोमध रांगेत लागलेली, आणि वर्गात एकच गलका होतो. टेलोफेजमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, दोन नव्या केंद्रकांच्या मधे बारीकशी आडवी रेघ दिसते. "टीचर, ही भिंत कडेपर्यंत का पोचली नाही?" एका मुलीने नेमकं हेरलं. ती पेशीपट्टिका, नव्या भिंतीची सुरुवात. पेशीतल्या गॉल्जी पिंडाकडून आलेल्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, मधोमध जुळतात आणि पट्टिका कडांकडे वाढत जाते.

लगेच दुसरी स्लाइड लावली. माशाच्या पेशीला भित्तिका नसते; तिथे अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं आकसतं आणि पिशवीची नाडी ओढावी तशी पेशी बाहेरून आत आवळत जाते. गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतूही या स्लाइडवर छान दिसतात. प्रश्न ताजा असतानाच उत्तर डोळ्यांसमोर आलं, म्हणून म्हणते, एकटी कांद्याची स्लाइड घेऊ नका.

तक्रार एकच, पण खरी. कांद्याचा छेद जाड आहे, गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली दिसतात. सगळी सोळा मोजून दाखवायची तर स्क्वॅशच, म्हणजे मुळाचं टोक दाबून पेशी पसरवलेली स्लाइडच करायला हवी. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीच्या, माळेतला कांदा पाण्याच्या ग्लासावर ठेवला की मुळं फुटतात. ती सकाळी कापून अॅसिटिक अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्ल, अॅसिटोकार्माइन आणि कव्हरस्लिपवर अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा घसरला की पेशी गुंडाळल्या जातात.

डबा पुठ्ठ्याचा आहे. आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरणारच, तेव्हा स्लाइड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आणि दुकानात सूक्ष्मदर्शक असेल तर पैसे देण्याआधी अॅनाफेजची, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे सरकतानाची, एक तरी पेशी शोधून बघा.