सोनेरी डब्यातली टायमिंग चेन

बावीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. दुसऱ्यांनी बनवलेले जॉब, म्हणजे मशीनवरचे सुटे भाग, मोजायचे आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे असला की लाल खडूने फुली मारायची, एवढंच काम. आता वाळूजला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. अशा माणसाने डब्यावरची छपाई बघून इंजिनची चेन घेतली आणि बारीक माप घ्यायचं व्हर्नियर खिशात असून बाहेर काढलं नाही, हे लिहायला लाज वाटते. पण ती विकणारा माणूस आता जालन्याकडे फिरतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितो.

माझ्या भाच्याला रेसिंगचा नाद आहे. पैठण रस्त्यावर मध्यरात्री उडवायचा नव्हे, रीतसर ट्रॅकवरच्या रोड रेसिंगचा. १६५ सीसीच्या नवशिक्या गटात उतरायचं म्हणून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर सरावाचे दोन दिवस बुक केले होते. दाजींनी कापसाच्या पैशातून त्याला गाडी घेऊन दिलेली. "मामा, इंजिन तुम्हीच बांधायचं," म्हणून माझ्या मागे लागला. मी हो म्हणलं. खरं सांगायचं तर मलाच जास्त हौस होती.

आमच्या तरुणपणी ही हौस आरएक्स शंभरवर भागायची. ते टू-स्ट्रोक इंजिन. त्यात कॅमच्या दांड्याने उघडणाऱ्या झडपा (व्हॉल्व्ह) नाहीत, कॅमच नाही, मग इंजिनच्या मुख्य दांड्यावरून (क्रँक) कॅम फिरवणारी टायमिंग चेन कुठून असणार? जुन्या बुलेटला कॅम असतो, पण तो गिअरवर फिरतो. म्हणजे अकरा हजार आरपीएमला, मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, चेन काय सोसते याचा मला अनुभव नव्हता. ऐकीव ज्ञान भरपूर होतं, आणि माणूस फसतो तो बहुतेक तिथंच.

विक्रेता ओळखीच्याच्या ओळखीतून आला. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग, बोलायला गोड. एका मोठ्या कंपनीत क्वालिटीला होतो म्हणाला. त्याने सोनेरी डबा काढला. एका नामांकित जपानी कंपनीचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'रेस'. किंमत तीन हजार दोनशे. कंपनीची साधी चेन त्याच्या पाव किमतीतसुद्धा येते.

"मिस्त्री, ही तुटणार नाही. सर्टिफिकेट बघा."

खरंच सर्टिफिकेट होतं. चेन किती किलोच्या ओढीला तुटते त्याचा आकडा, खाली शिक्का, सही. मी तो आकडा वाचला आणि गार झालो.

आता कळतं, की जाळं तिथंच होतं. टायमिंग चेन ओढीने सहसा तुटत नाही. तिच्यावर मागच्या चाकाचा भारच नसतो. तिला फक्त कॅम फिरवायचा असतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबायच्या आणि झटके सोसायचे. ती मरते झिजून. प्रत्येक कडीत पिन तिच्याभोवतीच्या बारीक नळीत, म्हणजे बुशमध्ये, घासते आणि तिथं केसभर जागा होते. अशा नव्वद-पंच्याण्णव कड्यांची बेरीज झाली की आपण म्हणतो 'चेन लांबली'. लोखंड ताणलेलं नसतं, सांधे ढिले झालेले असतात. म्हणून विचारायचं ते पिनेचा पृष्ठभाग किती कडक आणि बुश कसा बनवलाय. मी विचारलं किती किलोला तुटते. त्याने मला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर छापूनच आणलेलं होतं.

दोन चेन घेतल्या, एक स्पेअरमध्ये. सहा हजार चारशे. पैसे यूपीआयने गेले ते भलत्याच कुणाच्या नावावर, आणि बिल कच्चं. "पक्कं पुढच्या फेरीला देतो," म्हणाला. भाचा बाजूला उभा होता, त्याच्यासमोर घासाघीस करायला मला कमीपणा वाटला. कंपनीची चांगली चालू चेन काढून खिळ्याला टांगली आणि सोनेरी बसवली. वर हौसेने चेन ताणून धरणारा टेन्शनर हाताने आवळायचा लावला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही थोड्या कडक घातल्या.

पहिल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर टेन्शनर थोडा आवळावा लागला. विक्रेत्याला फोन केला. "नवीन चेन बसायला वेळ घेते," म्हणाला. हे अर्धं खरं असतं. सुरुवातीला चेन किंचित बसतेच. मग दुसऱ्यांदा आवळला, तिसऱ्यांदाही. नवीन चेन तिसऱ्यांदा आवळावी लागली तेव्हाच मी इंजिनचं हेड उघडायला हवं होतं. कंपनीचा आपोआप पुढे सरकणारा टेन्शनर असता तर त्याचा दांडा किती बाहेर आलाय ते बघून तरी शंका आली असती. इथं मीच स्वतःच्या हाताने खूण पुसत होतो. शिवाय जास्त आवळून झीज वाढवली असणार, तो वाटा माझा.

अजून एक गंमत. सरावाच्या पहिल्या दिवशी भाचा खूश होता. "मामा, वरच्या आरपीएमला काय ओढतीय!" कोपऱ्यातून निघताना मात्र गाडी मेलेली वाटते म्हणाला. मी कार्बोरेटरचे पेट्रोल सोडणारे जेट बदलण्यात दुपार घालवली. चेन लांबली की कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा बंद होतात. त्यामुळं खालची ताकद जाते आणि वरची थोडी बरी वाटू शकते. म्हणजे इंजिन बिघडत होतं आणि आम्ही त्याला ट्यूनिंग समजत होतो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सेशनला सरळ पट्टीवर टकटक झाली आणि इंजिन बसलं. पोरगा सावरला, पडला नाही, तेवढी देवाची कृपा. पिकअपमध्ये गाडी टाकून हजारावर किलोमीटर परत आलो. येताना कुणी कुणाशी फार बोललं नाही.

हेड उघडलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला आणि पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण. चेन अखंड होती. सर्टिफिकेट खोटं नव्हतं म्हणायचं, तुटली नाही!

मग एकदाचं व्हर्नियर काढलं. चेन खिळ्याला टांगली, खाली वजन लावून ताणली, वीस कड्यांचं अंतर मोजलं. या चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, ६.३५ मिलिमीटर, म्हणून वीस कड्या १२७ भरायला हव्यात. भरल्या १२८.८. चालली किती? सगळी मिळून सहा तासही नाही. शेजारच्या खिळ्यावरची कंपनीची जुनी चेन वीस हजार किलोमीटर फिरलेली. ती भरली १२७.४.

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आमच्या इंजिनात क्रँकच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) १७ दात, कॅमच्या स्प्रॉकेटला ३४. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळं ते दुप्पट. चेनची ओढीची बाजूही साधारण ३४ कड्यांचीच. म्हणजे चेन एक टक्का लांबली की कॅम एका फेऱ्याच्या एक टक्का मागे पडतो. कॅमवर ते ३.६ अंश, क्रँकवर ७.२. आमची १.४ टक्के लांबली होती, म्हणजे क्रँकचे दहा अंश. पिस्टन वर येतोय आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून वाटेतच उभा. अकरा हजार आरपीएमला ही चेन सेकंदाला जवळजवळ वीस मीटर पळते. तिथं चुकायला जागा उरत नाही.

दुसरा डबा फोडला. दोन्ही डब्यांवर सिरीयल नंबर एकच होता. हे तर शाळेतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं. वापरलेल्या चेनची एक कडी फोडून पिन शिकंज्यात धरली आणि कानस मारली. कडक पिनेवर कानस काचेवर घासल्यासारखी सरकते. इथं ती चावली, चुरा पडला. बुशला उभी शिवण, म्हणजे पत्रा गुंडाळून केलेला. नुसती शिवण दिसली म्हणून माल खोटा ठरत नाही, साध्या गाड्यांच्या चेनमध्ये असे बुश चालतात. पण रेसच्या भावाने विकताना 'अखंड नळीचा बुश' म्हणून विकला होता. हीट ट्रीटमेंटवाल्या मित्राने पिनेचा कडकपणा तपासून दिला. विकर्स या कडकपणाच्या मापावर ३८० आलं. कंपनीच्या जुन्या पिनेचा आकडा दुपटीच्या वर.

विक्रेत्याला फोन लावला. त्याचा पहिला शब्द, "ऑइल कोणतं वापरलं?" मग म्हणाला, "दोन्ही चेन कुरिअर करा, लॅबला पाठवतो, पैसे परत मिळतील." मी खोक्याला चिकटपट्टी लावत होतो. बायको म्हणाली, "अहो, चेन पाठवल्यावर तुमच्याजवळ राहील काय?" खोकं तसंच ठेवलं. एकच चेन पाठवतो म्हणून सांगितलं तर त्याने फोन ठेवला, नंतर नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. कच्च्या कागदावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. तक्रार अजून लटकलेली आहे. पिस्टन, व्हॉल्व्ह, गाइड, पिकअपचं भाडं धरून चौदा हजार गेले, ते वेगळेच.

आता इंजिनात कंपनीचीच नवीन चेन आहे, अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली. बसवायच्या आधी वीस कड्या मोजून आकडा क्रँककेसवर पेंटने लिहिला, दर सरावानंतर टेन्शनरची जागा वहीत. टेन्शनरही कंपनीचाच परत लावला. बाहेरची महागडी चेन कुणी आणली तर एक सुटी कडी मागतो, कानस समोर ठेवतो. गेल्या महिन्यात एक जण त्यावरून चिडून निघून गेला. त्याचा चहा तसाच राहिला.

ती उरलेली, न वापरलेली सोनेरी डब्यातली दुसरी चेन बरेच दिवस खिळ्यावर होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, माझ्या साध्या गाडीला चालून जाईल की, हजाराला द्या." हजार रुपये म्हणजे थोडे नव्हेत, हात खिळ्याकडे गेलाही होता. मग ग्राइंडर चालू केला आणि तिचे तीन तुकडे केले. एक भाच्याने किल्लीला लावलाय.