इंग्रजी क्रियापदांसाठी अँकी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अँकी हे कार्डांवरून पाठांतर करून घेणारं ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे मोजावे लागतात. आठ महिने ते फक्त एका कामासाठी वापरलं: वॉक, लुक, से यांच्या जागी नेमकं क्रियापद चटकन सुचावं यासाठी. ॲप उत्तम आहे. कार्डं कशी बनवायची हे मात्र ते शिकवत नाही, आणि यश-अपयश तिथेच ठरतं.

तयार संच घेऊ नका. त्यांत बहुतेकदा पुढच्या बाजूला ‘ट्रज’ आणि मागे ‘चालणे’ एवढंच असतं. अशी कार्डं पटापट पाठ होतात, पण लिहायला बसलं की पुन्हा वॉकच आठवतं. कारण साधं आहे. हालचाल कशी झाली हे इंग्रजी बहुधा क्रियापदातच सांगते, तर मराठी पुष्कळदा ‘चालणे’ ठेवून त्याआधी शब्द जोडते: ढांगा टाकत, पाय फरफटत, चवड्यांवर, झोकांड्या खात. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला हा अख्खा मराठी तुकडा हवा. ‘दमून, जड पावलांनी घरी गेली’ असं पुढे आणि ‘शी ट्रज्ड होम’ मागे. लंगडणे, रांगणे, कुजबुजणे अशी एकशब्दी क्रियापदं मराठीतही आहेत. ती सोपी जातात, त्यांवर वेळ घालवू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे एका अर्थाचे शब्द एकाच दिवशी घेणं. ग्लान्स, ग्लेअर, गेझ, ग्लिम्प्स हे पाहण्याचे चार शब्द एकत्र घेतले तर अर्थही जवळचे आणि उच्चारही सारखे, त्यामुळे आठवड्याभरात चौघांची खिचडी होते. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्यावा, मध्ये किमान आठवडा जाऊ द्यावा. त्या दिवसांत बोलण्याची किंवा हातांच्या हालचालींची क्रियापदं घ्यावीत.

पाहण्याच्या क्रियापदांपाशी सगळ्यात जास्त अडायला होतं. ग्लान्स म्हणजे मुद्दाम टाकलेली ओझरती नजर. ग्लिम्प्स म्हणजे क्षणभर दृष्टीस पडणं, त्यात ठरवून पाहणं नसतं. म्हणून ग्लान्सपुढे ‘ॲट’ येतं, ग्लिम्प्सपुढे थेट कर्म. ‘ग्लिम्प्स्ड ॲट हिम’ ही हमखास होणारी चूक आहे. स्टेअर (टक लावून पाहणं), ग्लेअर (रागाने पाहणं), पीअर यांनाही पाहिलेली वस्तू सांगताना बहुधा ‘ॲट’ लागतं. हे शब्दयोगी कार्डावर नसेल तर शब्द येतो पण वाक्य चुकतं. पीअरसाठी ‘नीट दिसेना म्हणून डोळे बारीक करून पाहिलं’ एवढं लांब लिहावं लागतं, आणि ते लिहिलंच पाहिजे. मटर आणि मम्बल दोन्हींना आपण ‘पुटपुटणे’ म्हणतो. मटरमध्ये बहुधा कुरकुर असते, मम्बलमध्ये फक्त अस्पष्टपणा. हा फरक पुढच्या बाजूलाच घातला नाही तर दोन कार्डं कायम एकमेकांच्या आड येतात.

सेटिंगमध्ये रोजची नवी कार्डं मुळात 20 असतात. ती 5 वर आणा. वीसच्या वेगाने काही आठवड्यांतच रोजची उजळणी अंगावर येते आणि सवय तुटते. शिकलेलं कार्ड पुन्हा पुन्हा विसरलं, मूळ सेटिंगप्रमाणे आठ वेळा, की ॲप त्यावर ‘लीच’ अशी खूण करतं. असं कार्ड घोकत बसू नका, वाक्य बदला. दोष बहुतेक वेळा पुढच्या बाजूच्या मोघम मजकुरात असतो.

भूतकाळाची रूपं वेगळ्या कार्डांवर हवीत: फ्लिंगचं फ्लंग, क्लिंगचं क्लंग, क्रीपचं क्रेप्ट, स्ट्राइडचं स्ट्रोड. गोष्ट सांगताना हीच रूपं लागतात.

परिणाम सांगायचा तर वाचनात फरक दोन महिन्यांत जाणवतो, लिहिण्यात चार-पाच महिन्यांनी. बोलण्यात सर्वांत उशिरा, आणि तेही उत्तर मोठ्याने म्हटलं तरच. एक दुष्परिणामही आहे: नवे शब्द हाताशी आले की ते सगळीकडे पेरले जातात. ‘स्ट्रोल्ड स्लोली’मध्ये स्लोली फुकट जातं, कारण रमतगमत चालणं स्ट्रोलमध्येच आहे. संवादातही दर ओळीला व्हिस्पर्ड, मटर्ड, स्नॅप्ड आलं की वाचणारा थकतो. तिथे साधं सेडच ठेवावं.