एरिथ्रिटॉल-स्टीव्हिया मिश्रण : चहात पास, पाकात नापास

साखरेऐवजी वापरायच्या या मिश्रणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, 'साखरेइतकंच घ्या'. गोडीपुरतं ते खरं आहे. पण साखर पदार्थात नुसती गोड लागायला नसते. ती ओल धरते, रंग आणते, यीस्टला खाऊ घालते, जॅम टिकवते. या बाकीच्या कामांत हे मिश्रण हात वर करतं. चहा, कॉफी, दही, कस्टर्ड एवढ्यासाठी हवं असेल तर जरूर घ्या. कॅरमेल आणि घट्ट पाक डोक्यात असतील तर पैसे वाचवा.

आत काय असतं ते आधी पाहू. एरिथ्रिटॉल म्हणजे साखरेसारखा दिसणारा खडेदार गोडवा, स्टीव्हिया म्हणजे एका झाडाच्या गोड पानांचा अर्क. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के. म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम साखरेची गोडी आली, उरलेली ३५ स्टीव्हियाच्या अर्कातून आणायची. अर्क साखरेच्या २५० पट गोड धरला तर तो लागतो फक्त ०.१४ ग्रॅम. किलोच्या पाकिटात दीड ग्रॅमसुद्धा नाही! ही चिमूट नीट मिसळलेली नसेल तर एक चमचा फिका आणि पुढचा कडवट लागतो. म्हणून नवं पाकीट डब्यात ओतल्यावर एकदा तळापासून ढवळून घ्यावं. 'दुप्पट गोड' असं लिहिलेलं मिश्रण असेल तर अर्थातच निम्मं मोजायचं.

घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) किंवा डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजचं) असेल तर पाकीट जागेवर ठेवून द्या. ही दोन्ही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात. कॉफीत घालायच्या गोडव्याच्या छोट्या पुडीत ती जेमतेम ग्रॅमभर असतात, तिथे चालून जातं. केकमध्ये वाटीभर घातल्यावर चालत नाही.

आता मुख्य तक्रार : विरघळणं. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल ६० ग्रॅमच्या आसपास. उकळत्या पाण्यात दाट पाक छान होतो, दिसतोही स्वच्छ. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी तळाशी टोकदार खडे, आणि वरचं पाणी आधीपेक्षा फिकं. बटर-क्रीममध्ये हेच दाताखाली करकरतं. उपाय दोन : मिश्रण मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक करून घ्यायचं, किंवा निम्मी साखर ठेवून निम्मंच बदलायचं.

कॅरमेलचा तर प्रश्नच नाही. एरिथ्रिटॉल १२१ अंशाला वितळतं आणि पाण्यासारखं पारदर्शक राहतं. आणखी तापवत बसलं तरी तो तांबूस रंग आणि खमंग वास येत नाही. गार झालं की पांढरी, ठिसूळ ढेप. केकही याच कारणाने वरून फिका राहतो. रंगावर विसंबलात तर तो जास्त भाजला जाऊन कोरडा पडेल; सुई खुपसून पाहावी. दुसऱ्या दिवशी तो तसाही भुसभुशीत होतो, कारण हे मिश्रण ओल धरून ठेवत नाही. रंग हवाच असेल तर ॲल्युलोज ही कमी कॅलरीची साखर बरी, फक्त ती लवकर करपते, आच कमी ठेवावी लागते.

जिभेवर गारवा जाणवतो तो खोटा नाही. हे खडे विरघळताना तोंडातली उष्णता ओढून घेतात. पुदिन्याच्या गोळीत तो शोभतो, चॉकलेटमध्ये खटकतो.

पोटाचं गणितही आधीच करावं. एरिथ्रिटॉल बहुतांश लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे सॉर्बिटॉल-माल्टिटॉल या त्याच जातीच्या गोडव्यांपेक्षा गॅस आणि जुलाब कमी. पण एका वेळी ५० ग्रॅम घेतलं तर मळमळू शकतं. २०० ग्रॅम घातलेल्या केकचे आठ तुकडे केले, तर दोन तुकड्यांत तेवढं होतं. शिवाय २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या संशोधनात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार-पक्षाघात यांचा संबंध दिसला. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच रोजचा वापर सुरू करा. वजन उतरवण्यासाठी स्टीव्हियासारख्या गोडव्यांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी सांगितलं.

औषधाचं सिरप 'शुगर-फ्री' असतं तेव्हा आत हेच मिश्रण असेल असं समजू नका. साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते, आणि एवढ्या दाट पाकात जंतू वाढत नाहीत. साखर काढली की दाटपणा, टिकाऊपणा, गोडी प्रत्येकासाठी वेगळा घटक लागतो. बहुतेकदा सॉर्बिटॉल असतं, त्याच्या जोडीला सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा आणि एखादं परिरक्षक (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन). सॉर्बिटॉलच्या प्रत्येक ग्रॅममागे २.६ कॅलरी येतात, आणि शरीरात त्याचं फ्रुक्टोज होतं. म्हणून फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार असलेल्यांना ते धोक्याचं. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा असू शकतो, तो फेनिलकीटोन्युरिया (फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला न सोसण्याचा आनुवंशिक विकार) असलेल्यांनी टाळायचा. लेबलवर नावाऐवजी नुसते आकडे असतील तर ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल. ९६७ दिसलं तर ते झायलिटॉल, हाही एक गोडवाच. घरात कुत्रा असेल तर तो डबा त्याच्या तोंडी लागणार नाही असा उंच ठेवा, कुत्र्यांना ते विषारी आहे.