फायबर रिंगचा सराव संच: प्रकाश कुठे संपतो आणि पत्ता कुठे सुरू होतो

फायबर रिंगचे, म्हणजे काचतंतूंनी वर्तुळात जोडलेल्या स्विचच्या नेटवर्कचे, बहुतेक प्रशिक्षण सुरळीत चालणारे नेटवर्क उभे करून दाखवते आणि तिथेच थांबते. गेले दोन महिने मी वापरत असलेल्या सराव संचाची रचना मात्र बिघाडापासून सुरू होते. त्यात चार मॅनेज्ड स्विच, आठ एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारे, विद्युत संकेताचा प्रकाश करणारे भाग), सिंगल मोड पॅच कॉर्ड (जोडणीच्या फायबर तारा), प्रकाश मुद्दाम कमी करणारे १० डीबीचे (डेसिबलचे) दोन अ‍ॅटेन्युएटर, एक छोटा ऑप्टिकल पॉवर मीटर आणि मुद्दाम बिघडवलेल्या कॉन्फिगरेशन फाइल मिळतात. फाइल स्विचमध्ये भरायची, रिंग जोडायची आणि काय चुकले आहे ते शोधायचे, एवढेच काम असते.

रिंगचा पाया पहिल्या धड्यात नीट बसतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये आयपी पॅकेटसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर ते टाकून द्यायचे तो आकडा) नसल्यामुळे वर्तुळ खरोखरच पूर्ण झाले, तर एकच ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीची) फ्रेम फिरत आणि वाढत राहून सगळे पोर्ट तुंबवते, म्हणून इथरनेट रिंगसाठीच्या जी.८०३२ या मानकात एक दुवा डेटासाठी बंद ठेवलेला असतो आणि दुसरीकडे फायबर तुटल्यावरच तो उघडतो. १६ पेक्षा कमी नोड (रिंगमधले स्विच) आणि १२०० किलोमीटरपेक्षा कमी परिघ असलेल्या रिंगसाठी हा बदल ५० मिलिसेकंदांत व्हावा, असे मानक सांगते. तुटलेली कॉर्ड परत जोडल्यावर मात्र तो पोर्ट लगेच खुला होत नाही, कारण पूर्वस्थितीवर येण्याआधीचा प्रतीक्षाकाळ मुळात ५ मिनिटांचा असतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मी एकदा उत्तम जोडलेले फायबर पुन्हा कापायला निघालो होतो. संचासोबतच्या पुस्तिकेने तो मुद्दा पहिल्याच सरावात घेतला, याबद्दल तिचे कौतुक करावेसे वाटते.

या संचातला सर्वांत मोलाचा सराव मॅक टेबलचा, म्हणजे कोणत्या उपकरणाचा मॅक (हार्डवेअर) पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याच्या स्विचमधल्या नोंदींचा आहे. चारपैकी एका स्विचवर रिंग प्रोटोकॉल चालूच केलेला नसतो. तो नियंत्रण फ्रेम पुढे पाठवतो, त्यामुळे सगळे काही ठीक दिसते. पण रिंगची दिशा बदलल्यावर बाकीचे स्विच आपले जुने पत्ते पुसून टाकतात आणि हा पुसत नाही. परिणामी जे उपकरण स्वतःहून काही पाठवत नाही, त्याच्यासाठीच्या फ्रेम जुन्या नोंदीनुसार चुकीच्या पोर्टकडे जात राहतात आणि साधारण ३०० सेकंदांनी नोंद कालबाह्य झाल्यावर संपर्क आपोआप सुरू होतो. या काळात त्या उपकरणावरूनच पिंग (उत्तर मागणारा छोटा चाचणी संदेश) केले तर नोंद लगेच ताजी होते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्ष कामात असा ‘आपोआप बरा होणारा’ बिघाड फायबरच्या माथी मारला जाताना मी अनेकदा पाहिले आहे.

आयपी पत्त्यांचे सरावही तितकेच काळजीपूर्वक रचलेले आहेत. कारखान्यातून आलेल्या दोन स्विचना एकच व्यवस्थापन पत्ता असतो, आणि पिंगला उत्तर तर मिळते, पण कधी एका स्विचचे तर कधी दुसऱ्याचे. संगणकाच्या एआरपी नोंदीतला (आयपी पत्त्याशी जुळणाऱ्या मॅकच्या यादीतला) मॅक पाहायचा, तो प्रत्येक स्विचच्या मॅक टेबलमध्ये कोणत्या पोर्टवर दिसतो हे तपासायचे आणि पोर्टामागून पोर्ट धरत मूळ स्विचपर्यंत पोहोचायचे, ही पद्धत इथे हाताला वळण लागेपर्यंत करून घेतात. सबनेट मास्कचाही (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कातले हे ठरवणाऱ्या आकड्याचा) एक सुरेख सराव आहे: संगणक १९२.१६८.१०.२० वर २५५.२५५.२५५.० मास्कने, तर स्विच १९२.१६८.१०.२०० वर २५५.२५५.२५५.१२८ मास्कने बसवलेला असतो. विनंती स्विचपर्यंत पोहोचते, पण संगणक परक्या नेटवर्कात आहे असे समजून आणि तिकडे नेणारा गेटवे दिलेला नसल्यामुळे स्विच उत्तर पाठवत नाही.

प्रकाशाच्या बाजूला मात्र हा संच उणा पडतो. ३ डीबी हानी म्हणजे निम्मा प्रकाश, १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी, असा हिशेब पुस्तिका शिकवते, पण कनेक्टरचे टोक तपासून साफ करण्याला तिने जेमतेम अर्धे पान दिले आहे. सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो. त्यावर बसलेला एक धूलिकणही दुवा अस्थिर करायला पुरतो, तेव्हा साफसफाईचे साहित्य संचात हवेच होते. जोडीतला (एक पाठवण्याचा, एक घेण्याचा) एकच तंतू तुटण्याचा सरावही त्यात नाही. ऑटोनिगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपापसांत जोडणी ठरवणे) बंद असेल तर अशा वेळी एका बाजूचा दिवा लागलेला राहतो आणि दुसऱ्या बाजूचा विझतो. मी एसएफपीच्या पाठवणाऱ्या छिद्रातून एक कॉर्ड काढून हा प्रयोग स्वतः केला; संच घेणाऱ्याने तो पहिल्याच आठवड्यात करून पाहावा.